बोट वर काढली. आता पुढच्या पावसाळ्यापर्यंत बॅटरीचं काय करायचं?

तापीकाठ

राम राम मंडळी. आमचं गाव चोपडा तालुक्यात, तापीच्या काठावर. वर हतनूर धरण, ४१ दरवाज्यांचं. ऑगस्टमध्ये 'इतके दरवाजे पूर्ण उघडले' असा मेसेज फिरला की नदीकाठच्या वस्तीत कुणाला झोप लागत नाही. म्हणून गावातल्या पोरांनी मिळून बचाव पथक उभं केलंय. पथकाकडे फायबरची एक बोट आहे, मागे ४० एचपीचं सेल्फ स्टार्टचं आउटबोर्ड इंजिन.

आता नदी उतरली, दिवाळी झाली. बोट ट्रेलरवर चढवून शेडमध्ये उभी केली. ती थेट जूनमध्येच हलणार. बोटीत दोन बॅटऱ्या आहेत, दोन्ही १२ व्होल्ट ७५ एएच (अँपियर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता), पाणी टाकायच्या साध्या लेड-ॲसिड. एक इंजिनाच्या सेल्फची. दुसरीवर सर्चलाईट, सायरन आणि बिल्ज पंप, म्हणजे बोटीच्या तळात साचलेलं पाणी बाहेर फेकणारा छोटा पंप.

बॅटऱ्या दर दोन वर्षांनी बदलाव्या लागतात आणि गावाच्या वर्गणीतून तो खर्च काढणं सोपं नाही. नेटवर शोधलं तर सगळीकडे 'हिवाळी साठवण', बर्फ, गोठलेलं ॲसिड. आमच्याकडे बर्फ पडत नाही, पण मे महिना येतो. मग ते नियम आम्हाला लागू आहेत का? बॅटरी काढून घरी आणावी का? चार्जर लावूनच ठेवावा का? की अधूनमधून इंजिन सुरू केलं तरी पुरे? ज्यांना खरोखर माहिती आहे त्यांनी सविस्तर लिहा. पुराच्या रात्री सेल्फ मारल्यावर नुसतं 'टक' वाजलं तर काय होईल, हा विचार आमच्या डोक्यातून जात नाही.

केळीबाग

भो, ट्रॅक्टरला करतो तेच करा. पंधरा दिवसांतून एकदा पाच मिनिटं इंजिन चालू ठेवायचं, बॅटरी आपोआप चार्ज राहते. आणि बॅटरी सिमेंटच्या फरशीवर ठेवू नका, फरशी करंट ओढून घेते. खाली लाकडी फळी टाका. आमच्या वडिलांपासून आम्ही हेच करत आलो.

वायरमन धुळे

तापीकाठ भाऊ, प्रश्न वेळेवर विचारला. कामाची सुरुवात आत्ताच करायची असते. माझ्या दुकानात जून-जुलैत ज्या मेलेल्या बॅटऱ्या येतात, त्यातल्या बऱ्याचशा वापरून मेलेल्या नसतात. अर्धवट उतरलेल्या अवस्थेत कुठंतरी उभ्या राहून मेलेल्या असतात. फवारणी पंपाच्या, थ्रेशरच्या, मंडळाच्या जनरेटरच्या, सगळ्यांची कथा तीच.

आधी झाकणं उघडून पाणी बघा. प्लेटा उघड्या पडल्या असतील तर त्या जेमतेम बुडतील इतकंच डिस्टिल्ड वॉटर टाका. चार्जिंग चालू असताना पातळी वर येते. आधीच काठोकाठ भरलेलं असेल तर ॲसिड बाहेर येऊन सगळ्या खोक्यावर पसरतं. पूर्ण चार्ज झाल्यावर मग निशाणीपर्यंत भरा. बोअरचं पाणी चुकूनही नको, आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार किती असतात ते हंड्याच्या आतला पांढरा थर बघून कळतंच. आरओचं नको, एसीच्या नळीतून गळणारंही नको. आणि दुकानात 'बॅटरीचं पाणी द्या' एवढंच म्हणू नका, काही ठिकाणी त्या नावाखाली ॲसिड घातलेलं पाणी देतात. बॅटरीतून उडतं ते पाणी, ॲसिड आतच राहतं. वरून ॲसिड टाकत गेलात तर प्लेटा खाल्ल्या जातात.

मग सावकाश चार्ज. एएचच्या १० टक्के करंट हा आमच्या धंद्यातला जुना हिशोब. ७५ एएचला सात-साडेसात अँपियर. घाई करून वीस अँपियर सोडणारा कुणी भेटला तर त्याच्याकडे बॅटरी देऊ नका. घरच्या मोठ्या इन्व्हर्टरला लावून चार्ज करणारेही आहेत. पण तो १५० एएचच्या हिशोबाने बनवलेला असतो, त्यामुळे तेही टाळा. झाकणांची भोकं मोकळी आहेत ना ते बघा, खोलीची खिडकी उघडी ठेवा. चार्जिंगच्या शेवटी बुडबुडे येतात तो हायड्रोजन असतो, हवेत ४ टक्के झाला की ठिणगीने पेट घेतो. तिथं विडी नको, देवाचा दिवाही नको.

पूर्ण भरली हे चार्जरच्या हिरव्या दिव्यावरून ठरवू नका. हायड्रोमीटर घ्या, म्हणजे ॲसिडचा दाटपणा (ग्रॅव्हिटी) मोजायचं साधन, साधा काचेचा, महाग नसतो. रबराचा फुगा दाबून सेलमधलं ॲसिड वर ओढायचं, आतला तरंगता काटा भिंतीला चिकटू द्यायचा नाही, डोळा पातळीच्या समोर आणून आकडा वाचायचा. सहाही सेल १२५० ते १२८० च्या दरम्यान हवेत. तासातासाने तीन वेळा आकडा तोच राहिला की बॅटरी भरली. सहा सेलचे आकडे वहीत लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडतात.

यानंतर केबल सोडवायच्या. आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. निगेटिव्ह निघालेली असली की पाना चुकून इंजिनाच्या लोखंडाला टेकला तरी ठिणगी पडत नाही. लावताना उलटं, आधी पॉझिटिव्ह. हातातलं कडं आणि अंगठी काढून ठेवा, हे मी प्रत्येक पोराला ओरडून सांगतो.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी जी वाढ दिसते, ती मगभर पाण्यात दोन चमचे खायचा सोडा घालून जुन्या टूथब्रशने घासा. फसफसेल. फसफस थांबली की साध्या पाण्याने पुसून कोरडं करा आणि व्हॅसलीनचा पातळ थर लावा. हे करताना सेलची झाकणं घट्ट बंद हवीत. सोडा आत गेला तर ॲसिड मरतं.

वायरमन धुळे

एक राहिलं. केळीबाग भाऊ, फरशीचा समज जुन्या बॅटऱ्यांमुळे पडला. पूर्वी खोकं लाकडाचं किंवा कडक रबराचं असायचं, त्यातून ओल झिरपायची आणि करंट गळायचा. आताचं खोकं पॉलिप्रॉपिलीनचं असतं, त्यातून काही जात नाही. फळी ठेवा, तोटा काही नाही. पण फळी ठेवली म्हणून चार्ज करायचं सोडू नका. खोक्याचा वरचा भाग मात्र पुसून कोरडा ठेवा. त्यावर ॲसिडचा ओलसर थर आणि धूळ असेल तर दोन टर्मिनलमधून बारीक करंट वाहत राहतो, ती गळती खरी आहे.

अमळनेरकर ओंटारियो

मूळ अमळनेरचा, गेली बरीच वर्षं कॅनडात. इथं माझी छोटी मासेमारीची बोट आहे, म्हणून 'हिवाळी साठवण' काय असते ते सांगतो. ऑक्टोबरमध्ये बोट तळ्यातून काढायची, इंजिनातलं पाणी काढायचं, बोट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायची आणि बॅटऱ्या काढून घराच्या तळघरात न्यायच्या. एप्रिल-मे पर्यंत बोटीकडे कुणी बघत नाही.

इथं भीती गोठण्याची असते, पण तीही बॅटरी उतरलेली असेल तरच. पूर्ण भरलेल्या बॅटरीतलं ॲसिड उणे ६० अंशांच्या आसपास गोठतं, म्हणजे गोठतच नाही म्हणा. पूर्ण उतरलेल्या बॅटरीत जवळजवळ पाणीच उरतं, ते उणे १० च्या आसपास गोठतं, फुगतं आणि खोकं तडकतं. इथले अनुभवी लोक तर पूर्ण भरलेली बॅटरी सरळ थंडीतच सोडतात, कारण थंडीत ती स्वतःहून फार कमी उतरते.

म्हणजे आमची थंडी भरलेल्या बॅटरीला उलट सांभाळते. खान्देशात तुम्हाला ती सोय नाही. धुळ्यात डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहापर्यंत येतो, तोरणमाळला त्याहून खाली. पण त्याने बॅटरीचं काही बिघडत नाही. माझ्या मते तुमचा काळ मार्च ते जून, आणि इंग्रजी लेखांत त्याबद्दल काही सापडणार नाही.

रसायन शहादा

कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते, आणि माहेर प्रकाशाचं, त्यामुळे तापीचा पूर लहानपणापासून पाहिलाय. ओंटारियोच्या दादांनी नेमक्या जागी बोट ठेवलं. थोडं कारण सांगते, म्हणजे नियम पाठ करावे लागणार नाहीत.

बॅटरी उतरते तेव्हा दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट जमतं. ताजं असताना त्याचे कण बारीक असतात आणि चार्ज दिला की ते परत शिसं, लेड डायऑक्साइड आणि ॲसिडमध्ये जातात. पण बॅटरी तशीच आठवडेन् आठवडे पडून राहिली तर बारीक कण विरघळून मोठे, कडक खडे तयार होतात. त्यांना चार्ज देऊन परत फिरवता येत नाही. प्लेटचा तेवढा भाग कायमचा गेला. यालाच सल्फेशन म्हणतात. वायरमन नाना म्हणतात ते 'उभ्या राहून मेलेल्या' हेच.

आणि बॅटरी काही न जोडताही उतरत असते. साध्या पाण्याच्या बॅटरीत हे प्रमाण २५ अंशांना महिन्याला ढोबळमानाने ५ टक्के धरा, जुनी असेल तर जास्त. तापमान १० अंशांनी वाढलं की ही गती साधारण दुप्पट होते. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात दुपारी हवाच ४५ च्या पुढे असते, पत्र्याखाली त्याहून अधिक. जी बॅटरी थंडीत तीन महिने निभावेल ती तिथं तीन-चार आठवड्यांतच चार्ज मागेल. शिवाय प्लेटांच्या जाळीची झीजही उष्णतेने वाढते. सतत १० अंश जास्त तापमानात ठेवलेल्या बॅटरीचं आयुष्य निम्म्यावर येतं, हा या क्षेत्रातला सर्वमान्य ठोकताळा आहे.

म्हणून माझं स्पष्ट मत: शेडमध्ये ठेवू नका. गावात कुणाचं जुनं धाब्याचं घर असेल तर त्याच्या आतल्या खोलीत ठेवा. जाड मातीचं छप्पर आणि रुंद भिंती यामुळे भर दुपारी तिथं नि पत्र्याखाली किती फरक असतो हे खान्देशात कुणाला सांगायला नको. फक्त खोली हवेशीर हवी, लहान मुलं आणि चूल त्या खोलीपासून लांब हवीत.

केळीबाग

मॅडम, माहिती पटली. पण पाच मिनिटं इंजिन चालवायला काय हरकत आहे? चार्जर-बिर्जरची कटकटच नाही. आमच्याकडे थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. घरची लाईटही जाते-येते.

रसायन शहादा

हिशोब करून बघू. सेल्फ मारताना समजा १०० अँपियर, तीन सेकंद. म्हणजे ३०० अँपियर-सेकंद, भागिले ३६००, साधारण ०.०८ अँपियर-अवर. आता या आकाराचं आउटबोर्ड सावकाश फिरत असताना बॅटरीला एक-दोन अँपियरच देतं. पाच मिनिटांत ०.०८ ते ०.१७. म्हणजे सुरू करताना जे गेलं तेवढं फार तर परत आलं. त्याच पंधरा दिवसांत बॅटरी आपोआप दोन-तीन अँपियर-अवर उतरलेली असते, उन्हाळ्यात त्याच्या दुप्पट-तिप्पट. ते भरून निघतच नाही.

ट्रॅक्टरचं वेगळं आहे. त्याचा अल्टरनेटर मोठा असतो आणि तुम्ही तो पाच मिनिटं नाही, शेतापर्यंत नेऊन आणता.

वायरमन धुळे

शिवाय आउटबोर्ड कोरडं चालवायचंच नाही. त्याला थंड करणारं पाणी खालून नदीतूनच ओढलं जातं. पाणी नसेल तर आतला पाणी खेचणारा रबरी इम्पेलर काही सेकंदांत घासायला लागतो आणि इंजिन नेमकं पुराच्या पाण्यात तापतं. इंजिन फिरतं ठेवायचंच असेल तर खालचा भाग पाण्याच्या मोठ्या ड्रममध्ये बुडवून किंवा नळीचं कानटोपीसारखं जोडणी-साधन पाणी ओढायच्या जाळीवर लावून चालवा. इंजिनासाठी ते चांगलं आहे. बॅटरीचा चार्ज त्यात धरू नका. आणि चालू इंजिनावर बॅटरीची केबल कधीच सोडवायची नाही, रेक्टिफायर, म्हणजे इंजिनाची वीज बॅटरीजोगी करणारा भाग, उडतो.

मेहरूणचा पोऱ्या

एक शंका. नवीन 'स्मार्ट' चार्जर मिळतात, लावून विसरून जा म्हणतात. खरंच विसरता येतं का? माझ्या जलक्रीडेच्या पॅडल बोटींना बॅटरी नाही, पण एका छोट्या मोटरबोटीला आहे.

वायरमन धुळे

चांगला असेल तर बराच काळ. विसरायचं मात्र नाही. दोन प्रकारचे चार्जर असतात. जुना ट्रान्सफॉर्मरवाला थोडा थोडा करंट सोडतच राहतो, बॅटरी भरली तरी. आठवडाभर लावून ठेवलात तर पाणी उकळून प्लेटा उघड्या. दुसरा टप्प्याटप्प्याने चालतो: आधी भरपूर करंट, मग १४.४ व्होल्टच्या आसपास धरून ठेवतो, मग १३.५ वर उतरून नुसता टेकू देतो. तो शेवटचा टप्पा म्हणजे फ्लोट. खोक्यावर 'फ्लोट' किंवा 'मेंटेनर' लिहिलंय का ते बघा. नसेल तर रात्री लावून सकाळी काढायचा एवढाच त्याचा उपयोग.

तरी महिन्यातून एकदा झाकण उघडून पाणी बघाच.

रसायन शहादा

यात एक भर. १३.५ चा आकडा २५ अंशांचा आहे. तापमान वाढलं की बॅटरीला कमी व्होल्टेज पुरतं, १२ व्होल्टच्या बॅटरीला दर अंशामागे साधारण ०.०२ व्होल्ट कमी. ४० अंशांना ०.३ व्होल्ट कमी, म्हणजे फ्लोट १३.२ च्या आसपास हवा. तापमान ओळखून व्होल्टेज बदलणारा चार्जर असेल तर तो घ्या. युरोपातल्या थंड गॅरेजसाठी बनवलेला स्वस्त चार्जर भुसावळच्या मे महिन्यात बॅटरी हळूहळू शिजवत राहतो आणि मालकाला कळतही नाही.

हायड्रोमीटरच्या आकड्यालाही हेच लागू. आपल्याकडे तो २७ अंशांवर धरतात. ४२ अंशांना वाचलात तर त्यात १० पॉइंट मिळवा. १२४० दिसलं तर ते १२५० समजायचं.

नर्मदाकाठ धडगाव

आमच्या भागात सरदार सरोवराच्या फुगवट्यात बोट हाच रस्ता. पाणी १३८.६८ मीटरपर्यंत भरलं की कितीतरी पाड्यांना दुसरी वाटच राहत नाही. त्यामुळे आमची बोट हिवाळ्यात उभी नसते, उलट त्याच काळात जास्त चालते. ती उभी राहते उन्हाळ्यात, पाणी खाली गेल्यावर.

लाईटचा भरवसा नाही म्हणून आम्ही सोलर लावलं. २० वॅटचं पॅनेल, मध्ये कंट्रोलर. मॅडम, नाना, हे बरोबर शे का सांगा. दुसरं, एका बोटीत आम्ही लिथियम टाकली आहे. तिलाही फुल करून ठेवायची का?

वायरमन धुळे

सोलर चांगलं, दुर्गम भागात मी तर तेच सुचवतो. २० वॅटच्या पॅनेलमधून उन्हात एक अँपियरच्या आसपास, दिवसाला चार-पाच अँपियर-अवर. उभ्या बॅटरीची गरज त्याच्या दहाव्या भागाइतकीही नसते. म्हणून कंट्रोलर नसता तर बॅटरी उकळली असती. कंट्रोलर बॅटरीच्या जवळच, पण तिच्या डोक्यावर नाही, कडेला लावा. तापमान तो स्वतःच्या अंगावरून ओळखतो. तो सावलीत आणि बॅटरी उन्हात असं झालं तर हिशोब चुकतो. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना आधी पॅनेल.

रसायन शहादा

लिथियम म्हणजे तुमची बहुधा लिथियम आयर्न फॉस्फेट असणार, बोटीत तीच येते. तिचं तंत्र उलटं आहे. तिच्यात सल्फेशन नाही, पूर्ण भरून उष्णतेत ठेवली तर मात्र ती लवकर म्हातारी होते. निम्मी, ४० ते ६० टक्के भरून ठेवा, बॅटरीला स्वतःचा स्विच असेल तर बंद करा, केबल सोडवा. दोन-तीन महिन्यांनी एकदा बघितलं तरी चालतं, पण बघायचंच. आतलं बीएमएस, म्हणजे राखणदार सर्किट, स्वतः थोडी वीज खात असतं. अगदी रिकामी करून ठेवली तर ते दार बंद करून बसतं आणि साधा चार्जर तिला ओळखतच नाही. लेड-ॲसिडचा फ्लोट चार्जर तिला लावून ठेवू नका. शून्य अंशाखाली तिला चार्ज करायचं नसतं, तो नियम ओंटारियोच्या दादांसाठी.

अमळनेरकर ओंटारियो

बरोबर मॅडम. इथं त्यासाठी आतून गरम होणाऱ्या लिथियम बॅटऱ्या विकतात.

तापीकाठ भाऊंना एक विचारायचं होतं. बोट शेडमध्येच आहे ना नक्की? कारण बॅटरी काढली की बिल्ज पंपही बंद. इथं पाण्यात उभ्या ठेवलेल्या बोटी अशाच बुडतात. पावसाचं पाणी तळात साचतं, पंपाला वीज नसते, सकाळी बोट तळाशी.

तापीकाठ

शेडमध्ये, ट्रेलरवर, आणि तळाचा ड्रेन प्लग काढून ठेवलाय. पुढचा भाग किंचित वर उचललाय, अवकाळी पाऊस आत आला तर मागून वाहून जाईल. प्लग दोरीने स्टिअरिंगला बांधलाय, जूनमध्ये तो न लावता बोट पाण्यात ढकलली जाऊ नये म्हणून.

सगळ्यांचे मनापासून आभार. नाना, मॅडम, तुम्ही इतकं खोलात जाऊन लिहिलंत की पथकातल्या सगळ्या पोरांना हा धागा वाचायला लावलाय. असं ठरवलंय: दोन्ही बॅटऱ्या काढून आमच्या चुलत आजोबांच्या धाब्याच्या घरात ठेवायच्या. फेब्रुवारीपर्यंत महिन्यातून एकदा मल्टिमीटर, मार्चपासून दर पंधरा दिवसांनी. कुणी कधी बघायचं त्याचा तक्ता ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावतोय, कारण आजवर 'कुणीतरी बघेल' म्हणून कुणीच बघायचं नाही.

मल्टिमीटरवर कितीला चार्ज लावायचा, तेवढं सांगा. आणि केबल सोडवली नसती तर नुसत्या सायरनच्या खोक्याने कितलं खाल्लं असतं?

वायरमन धुळे

चार्जर काढल्यावर लगेच मोजू नका, आकडा फुगलेला दिसतो. रात्रभर थांबा, सकाळी मोजा. १२.६ च्या वर म्हणजे भरलेली. १२.४ आली की चार्ज लावायचाच, तिथं पाऊण बॅटरी उरलेली असते. १२.२ म्हणजे निम्मी, इतकी खाली कधीच जाऊ द्यायची नाही. १२ म्हणजे जवळजवळ संपली, तशी महिनाभर राहिली की सल्फेशन पक्कं.

सायरनचं खोकं, एखादा दिवा, स्टँडबायवरचं यंत्र मिळून २० मिलिअँपियर धरा. किरकोळ वाटतं. दिवसाला अर्धा अँपियर-अवर, महिन्याला १४. तुमच्या ७५ एएचमधून पाचव्या भागाच्या आसपास दर महिन्याला गेलं. मेन स्विच बंद केला तरी काही वस्तू त्याच्या आधीच जोडलेल्या असतात, बिल्ज पंप तर हमखास. म्हणून केबलच सोडवायची. सोडवलेल्या टोकांना जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा चढवा आणि शेडमध्ये उंदरांचा बंदोबस्त करा, वायरी कुरतडलेल्या बोटी मी पाहिल्यात.

तापीकाठ

आज चार्ज करून दोन्हींची ग्रॅव्हिटी घेतली. सेल्फच्या बॅटरीचे सहाही सेल १२५५ ते १२६५. दुसरीचे पाच सेल १२४५-१२५०, पण पॉझिटिव्हकडून तिसरा सेल ११८५. तासाभराने परत घेतला, तेवढाच. त्या सेलमधलं ॲसिड किंचित तपकिरी गढूळही दिसतंय. व्होल्टेज मात्र १२.५ दाखवते. नाना, काय समजायचं?

वायरमन धुळे

व्होल्टेजवर गेलात तर फसाल, हायड्रोमीटर त्यासाठीच सांगितला. सेला-सेलात ५० पॉइंटपेक्षा जास्त फरक म्हणजे तो सेल आजारी. अजून एकदा कमी करंटवर, तीन-चार अँपियरने, लांबवर चार्ज करून बघा, पाणी आणि तापमान बघत. बॅटरी हाताला गरम लागली की थांबवा. एवढं करून तो सेल वर आला तर ठीक. पण गढूळ झालाय म्हणजे प्लेटचा माल गळायला लागलाय, मला आशा कमी वाटते.

वर आला नाही तर ती बॅटरी बोटीवर पुन्हा चढवू नका. घरात एखादा दिवा पेटवायला वापरा. पुरात बिल्ज पंप आणि सर्चलाईट त्याच बॅटरीवर आहेत, तिथं 'चालतेय तोवर चालू दे' नको.

केळीबाग

जुनी बॅटरी भंगारवाल्याला देऊ नका भो. आमच्याकडे एकजण ॲसिड नाल्यात ओतून शिसं काढायचा, त्या नाल्याचं पाणी बैल पितात. दुकानदाराला परत द्या, नवीनमध्ये पैसे वजा होतात. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांनी जुनी परत गोळा करायची जबाबदारी बॅटरी बनवणाऱ्यांवरच टाकलीय.

तापीकाठ

बरं. तीन अँपियरने लावतो. नाहीच सुधारली तर गणपती मंडळाची शिल्लक आहे, मंडळ तयार आहे. या आठवड्यातच नवीन आणून ठेवू का?

वायरमन धुळे

आत्ता आणू नका. आत्ता आणली तर नवी बॅटरीही सहा महिने उभीच राहील, तिचा पहिला उन्हाळा काही काम न करता जाईल आणि वॉरंटीचे महिनेही तसेच संपतील. पैसे बाजूला काढून ठेवा आणि रोहिणी लागता लागता, मेच्या शेवटच्या आठवड्यात घ्या. घेताना खोक्यावरचा तयार झाल्याचा महिना दुकानदाराकडून वाचून घ्या, तीन महिन्यांपेक्षा जुनी असेल तर दुसरी मागा. आणि दुकानातच मीटर लावा. १२.४ च्या खाली दाखवली तर ती तिथल्या कपाटावर तशीच उभी होती असं समजा.

सेल्फच्या बॅटरीला रोहिणीतच बोटीवर चढवून, इंजिन ड्रममध्ये बुडवून एकदा सेल्फ मारा. मारताना मीटर टर्मिनलवर ठेवा. आकडा ९.६ च्या खाली गेला तर मला इथं कळवा. मृग लागायच्या आत तिच्यासाठीही मंडळाला विचारावं लागेल.